सत्तरीतली रॉक साप्ताहिकं जमवायची आहेत, घेताना काय बघू?

जुनी_शाई (धागाकर्ता):
१९७० ते १९८२ मधले एनएमई (न्यू म्युझिकल एक्स्प्रेस), मेलडी मेकर, साउंड्स या ब्रिटिश साप्ताहिकांचे अंक जमवायचे आहेत. बजेट महिन्याला दोन साध्या अंकांपुरतं, जागा कपाटातला एक कप्पा. काय तपासावं आणि ठेवावं कसं?

तिसरी_तार:
रोलिंग स्टोन या अमेरिकन नियतकालिकाची पहिली दोन वर्षं घ्या, बाकी सगळं नंतर. पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा, मुखपृष्ठावर जॉन लेनन. त्या काळच्या अंकांवर मधोमध आडवी घडी असते. ते अंक दुमडूनच विकले जात, त्यामुळे घडी दिसली म्हणून किंमत पाडून मागू नका.

पानमोजणी:
आधी पानं मोजा. ही साप्ताहिकं बहुधा पिनांशिवाय, नुसती एकात एक घातलेली असत. एक ताव म्हणजे चार पानं. ४८ पानी अंकात ३-४ नसतील तर ४५-४६ सुद्धा गेलेली असतात. मधलं पोस्टर काढलेलं असेल तर २३ ते २६ गायब. विक्रेत्याकडे मुखपृष्ठाचा फोटो मागून उपयोग नाही, मधल्या जोडपानाचा मागा. कुपनं कापलेली आहेत का तेही विचारा, कारण कुपनामागचा मजकूर त्याबरोबर जातो.

डेसिबल८१:
केरँग हे हेवी मेटलचं मासिक घ्या! १९८१ चा पहिला अंक, मुखपृष्ठावर एसी/डीसीचा अँगस यंग. गुळगुळीत कागद आहे, वर्तमानपत्री कागदासारखा तुकडे पडून जात नाही.

तिसरी_तार:
केरँग निघालं साउंड्सची पुरवणी म्हणून. मूळ सोडून पुरवणी कशाला? आणि रोलिंग स्टोनबद्दल परत सांगतो, भाव उतरत नाहीत.

डेसिबल८१:
पुरवणी म्हणून निघालं, पण पुढे स्वतःच्या पायावर उभं राहिलं. साउंड्स १९९१ मध्ये बंद पडलं.

कोरडा_कप्पा:
ठेवण्याबद्दल. साप्ताहिकांच्या वर्तमानपत्री कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं, उजेड आणि हवेने ते पिवळं पडतं आणि आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होतो. म्हणून उभे ठेवू नका, कडा वाकून मोडतात. आडवे, एकावर एक दहा-बाराच. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची, पाठीशी आम्लविरहित पुठ्ठा. पीव्हीसीची पिशवी नको, त्यातलं मऊपणा आणणारं रसायन सुटतं आणि शाई पिशवीला चिकटते. आर्द्रता ३० ते ५० टक्के. फाटलं तर सेलोटेप अजिबात नाही, डिंक पिवळा होऊन आरपार उतरतो. जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ वापरा.

रोजची_धूळ:
लॅमिनेट करा, प्रश्नच मिटला. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाका.

कोरडा_कप्पा:
लॅमिनेशन परत काढता येत नाही आणि आतलं आम्ल आतच राहतं. डांबरगोळ्यांचा वास कागदात मुरतो. कसर असेल तर अंक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी धरतं.

पानमोजणी:
पीव्हीसीबद्दल +१. पुनर्मुद्रण ओळखायला भिंग लागेल. मूळ छपाईत बारीक अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. स्कॅनवरून छापलेल्या प्रतीत अक्षरं ठिपक्यांत फुटतात आणि फोटोंवर जाळीदार लाटा दिसतात.

तिसरी_तार:
पोस्टर नसलेला अंक फुकट मिळाला तरी घेऊ नका.

कोरडा_कप्पा:
अनुमोदन. अपुरा अंक म्हणजे रद्दी.

जुनी_शाई:
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला. १९७९ मधल्या साउंड्सचा चाळीस अंकांचा गठ्ठा घेतेय, सगळ्यांतून पोस्टर काढलेलं आहे आणि म्हणूनच तो बजेटमध्ये बसतो. ‘न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल’ हे तिथल्या मेटल बँडच्या नव्या लाटेचं नाव त्या वर्षी मे महिन्यात साउंड्सनेच छापलं. मला त्या वर्षीच्या कार्यक्रमांच्या तारखा, वाचकांची पत्रं आणि छोट्या जाहिराती सलग वाचायच्या आहेत. २३ ते २६ जातील, बाकीची हाती राहतील. चार ढीग, प्रत्येकी दहा, पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या.

तिसरी_तार:
पोस्टर वेगळी विकायला येतात, निदान अंकांच्या तारखांची यादी करून ठेवा.