मदत हवी आहे: सातीचं 'व्हेक्सेशन्स' पूर्ण ८४० आवर्तनं – मोजणी आणि अदलाबदल कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच पियानोवादक मिळून फ्रेंच संगीतकार एरिक सातीचं 'व्हेक्सेशन्स' आळीपाळीने वाजवायचं म्हणतोय, पूर्ण ८४० आवर्तनं, मध्ये खंड न पाडता. कुणी अशा कार्यक्रमात वाजवलंय का? निदान रात्रभर बसून ऐकलंय का?

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: १८९३ च्या आसपासची, जेमतेम पानभर रचना. आधी खालची चाल एकटी, मग तिच्यावर आणखी दोन ओळी, पुन्हा एकटी चाल, आणि शेवटी त्याच दोन ओळी खाली-वर अदलून. प्रत्येक भाग १३ मात्रांचा, म्हणजे एक आवर्तन ५२ मात्रांचं. लयीबद्दल 'अतिशय संथ' एवढंच लिहिलंय, आणि सगळी गोम इथेच आहे. मिनिटाला ५२ मात्रा धरल्या तर १४ तासांत सुटका. ४० धरल्या तर १८ तास १२ मिनिटं. अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९६३ मध्ये न्यूयॉर्कला वादकांची फळी लावून हे पूर्ण करवलं, तेव्हा १८ तास ४० मिनिटं लागली होती, म्हणजे आवर्तनाला ८० सेकंद. आमच्यातल्या दोघांना १४ तासांत आटपायचंय. उरकायचंच असेल तर हे हातात घ्यायचं कशाला, असं माझं मत. त्यावरून गटात रोज वाजतंय (पियानो नव्हे).

पण खरी घोडी दोन ठिकाणी अडलीय. वाजवणाऱ्याने मोजायचं नाही हे नक्की, मग कोणी आणि कशावर? मोबाइलवरच्या काउंटरवर पेंगलेल्या माणसाचं बोट दोनदा पडलं तर कळणारही नाही. आणि माणूस बदलताना लय तुटू नये म्हणून काय करायचं?

आणखी एक. ही चाल पाठच होत नाही! पियानोची पट्टी तीच, पण कागदावर कधी खालच्या सुराचा शार्प (चढा) तर कधी वरच्या सुराचा फ्लॅट (उतरता), त्यामुळे नजर हटली की बोटं भरकटतात. हे सगळ्यांचंच होतं की आमचंच?

प्रतिसाद १
सगळ्यांचंच होतं. पाठ करायच्या फंदात पडू नका, कागद समोर असू द्या आणि दिवा चांगला घ्या. पहाटे डोळे आधी दगा देतात, हात नंतर.

मोजणीसाठी कागदी तक्ता. एका पाळीला १५ आवर्तनं धरा, ५६ पाळ्यांत बरोबर ८४० होतात. पाळीगणिक एक ओळ, ओळीत १५ चौकोन. ज्याची पाळी पुढची, त्याने शेजारी बसून खुणा करायच्या. त्यामुळे लयही त्याच्या अंगात भिनते. पियानोवादक इगोर लेविटने २०२० मध्ये बर्लिनहून एकट्याने वाजवलं, तेव्हा ८४० सुटे कागद घेतले होते आणि वाजवून झालेला कागद खाली टाकत होता. गठ्ठा संपला की काम संपलं.

प्रतिसाद २
अदलाबदल एकट्या चालीवर करा, तिला एक हात पुरतो. नवा माणूस बाकाच्या डाव्या टोकाला आधीच टेकलेला हवा. जुन्याचा शेवटचा सूर संपला की याने डाव्या हाताने चाल उचलायची, जुन्याने उजवीकडून निसटायचं. १३ मात्रा मिळतात, सरकून बसायला भरपूर. गोल फिरणारं स्टूल मात्र नको, उंची जुळवण्यात सगळं बोंबलतं.

प्रतिसाद ३
जरा खवचटपणे विचारतो, ८४० कशाला? साती 'इतक्या वेळा वाजवा' म्हणतच नाही. सलग ८४० वेळा वाजवायचं असेल तर आधी शांततेत, निश्चल बसून तयारी केलेली बरी, एवढंच म्हणतो. आणि एकट्याने करायची हुक्की कुणाला आली तर आवरा. १९७० मध्ये सिडनीत पियानोवादक पीटर इव्हान्स ५९५ व्या आवर्तनानंतर उठला. मनात वाईट विचार यायला लागले, असं त्याने सांगितलं होतं.

धागाकर्ता
आभार! तक्ता आणि बाक दोन्ही पक्कं. निश्चल बसायची तयारी आमच्यातले काही जण जन्मापासून करतायत.

एक शंका उरतेच. पाच जण, आवर्तनाला ८० सेकंद धरून २० मिनिटांची पाळी, शिवाय त्याआधीची २० मिनिटं मोजणीत. मोकळा वेळ तासभर. एवढ्यात झोप कशी व्हायची?

प्रतिसाद १
रात्री जोडपाळी लावा, ३० आवर्तनांची. ४० मिनिटं मोजायचं, ४० वाजवायचं, मग सलग दोन तास मोकळे. मोजणारा बदलताना तक्त्यावर सही करायची, म्हणजे सकाळी वाद नाहीत.

धागाकर्ता
हे झकास. तक्ता छापायला घेतो. ८० सेकंदांच्या बाजूने कुणाला बोलायचं असेल तर इथेच लिहा, स्क्रीनशॉट थेट गटात टाकतो.