मैदान तर सगळ्यांनाच सपाट होते, मग राज्य मॉस्कोचेच का झाले?

नकाशावाचक:

नमस्कार. गेले काही महिने मी रशियाचा इतिहास पहिला राजा मानल्या जाणाऱ्या रुरिकपासून सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह यांच्यापर्यंत सलग वाचतो आहे आणि वाचताना नकाशा सतत समोर ठेवतो. बहुतेक ठिकाणी ‘सपाट प्रदेश, नैसर्गिक सीमा नाहीत, म्हणून राज्य पसरत गेले’ असे एका वाक्यात सांगितलेले आढळते, आणि ते मला पटत नाही. कीव्हच्या दक्षिणेला सुपीक काळी माती होती, नोव्हगोरोदकडे बाल्टिकचा व्यापार होता. मॉस्कोजवळ समुद्र नव्हता, जमीन बेताची होती आणि ११४७ पूर्वी या गावाचा साधा उल्लेखही सापडत नाही. असे असताना सगळ्या रशियन संस्थानांचे एक राज्य मॉस्कोने कसे केले? शिवाय, जे राज्य एवढी शतके पसरत राहिले, ते १९९१ मध्ये नेमके आज नकाशावर दिसणाऱ्या रेषांवरच का तुटले? भूगोलातून याचे उत्तर मिळते का, हे जाणकारांनी सांगावे.

वोलोक:

प्रश्न चांगला आहे, कारण ‘सपाट मैदान’ हे उत्तर खरोखरच अपुरे आहे. मैदानाऐवजी नद्यांकडे पाहा.

मॉस्कोच्या वायव्येस वाल्दाई नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. त्याची उंची जेमतेम ३५० मीटरपर्यंत जाते. पण व्होल्गा, नीपर आणि पश्चिम द्विना या तीन मोठ्या नद्या याच परिसरात उगम पावतात आणि अनुक्रमे कॅस्पियन, काळा आणि बाल्टिक अशा तीन समुद्रांना मिळतात. व्होल्गाचा उगम समुद्रसपाटीपासून सुमारे २२८ मीटरवर आहे, तर कॅस्पियनची पातळी समुद्रसपाटीच्याही सुमारे २८ मीटर खाली आहे. म्हणजे सुमारे ३,५३० किलोमीटरच्या प्रवासात ही नदी जेमतेम अडीचशे मीटर उतरते. अशा संथ नदीवरून नाव दोन्ही दिशांना नेता येते, आणि एका नदीच्या खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला नावा जमिनीवरून ओढत नेल्या की काम भागते. ज्या पट्ट्यावरून नावा अशा ओढल्या जात, त्याला रशियन भाषेत ‘वोलोक’ म्हणतात. वोलोकोलाम्स्क आणि विश्नी वोलोच्योक या गावांच्या नावांत तो शब्द आजही आहे.

कीव्हचे वैभव अशाच एका जलमार्गाचे होते. नेवा, लादोगा सरोवर, वोल्खोव, इल्मेन सरोवर, लोवात, तिथून ओढवाट आणि मग नीपरवरून काळा समुद्र व कॉन्स्टँटिनोपल असा तो मार्ग होता. जुन्या बखरीप्रमाणे ८६२ मध्ये रुरिक नोव्हगोरोदला आला आणि ८८२ मध्ये त्याचा आप्त ओलेग याने कीव्ह घेतले, म्हणजे मार्गाची दोन्ही टोके एका घराण्याकडे आली. कीव्हचा राजा व्लादिमिर याने ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, तोही याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडून, कॉन्स्टँटिनोपलहून. मात्र नीपरचा खालचा भाग उघड्या गवताळ प्रदेशातून जातो आणि तिथे घोडेस्वार टोळ्यांची सत्ता असे. १२४० मध्ये मंगोलांनी (रशियन लोक त्यांना तातार म्हणत) कीव्ह उद्ध्वस्त केले, त्यापूर्वीच या मार्गाची रया गेली होती.

नोव्हगोरोद श्रीमंत होते, पण त्याच्या जमिनीत पुरेसे धान्य पिकत नसे. ते आग्नेयेकडून तोर्झोकमार्गे येई, आणि १२१५ मध्ये एका रुष्ट राजपुत्राने ती वाट अडवताच नोव्हगोरोदमध्ये दुष्काळ पडला. शहराची ही नस आग्नेयेकडच्या राजांच्या हाती कायम राहिली. १४७८ मध्ये मॉस्कोचा राजा इव्हान तिसरा याने ते मॉस्कोच्या राज्यात सामील केले.

मॉस्को मॉस्क्वा नदीवर आहे. ती ओका नदीला मिळते आणि ओका निझनी नोव्हगोरोदजवळ व्होल्गाला. पश्चिमेला वोलोकोलाम्स्कची ओढवाटही जवळच आहे. जंगलामुळे मॉस्को सुरक्षित राहिले, असे पुष्कळदा लिहिले जाते, परंतु १२३८ आणि १३८२ मध्ये हे शहर जाळले गेले होते, त्यामुळे त्यावर मी फार भर देणार नाही. मॉस्कोचा राजपुत्र इव्हान कलीता याचे राजकारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. १३२७ मध्ये त्वेर या प्रतिस्पर्धी संस्थानात तातारांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा तो तातार खानाच्या फौजेबरोबर त्वेरवर चालून गेला आणि पुढे सर्व संस्थानांकडून खानाला जाणारी खंडणी गोळा करण्याचे काम त्याच्याकडे आले. ‘कलीता’ म्हणजे पैशाची थैली. त्याच सुमारास चर्चच्या प्रमुखाचे वास्तव्यही मॉस्कोला आले. नद्यांनी मॉस्कोला संधी दिली; त्वेर तर थेट व्होल्गाच्या काठावर असूनही मागे पडले.

जुन्नरकर:

त्वेरचा उल्लेख झाला म्हणून थोडी भर घालतो. अफनासी निकितीन हा व्यापारी त्वेरचाच. १४७० च्या आसपास तो व्होल्गामार्गे निघाला, पर्शियातून होर्मुझला पोहोचला आणि समुद्रमार्गे आपल्या चौलला उतरला. तिथून तो जुन्नरला आला. तिथल्या अधिकाऱ्याने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदलल्यास तो परत देण्याची तयारी दाखवली; एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला आणि पावसाळा जुन्नरला काढून निकितीन बीदरकडे गेला. हे सर्व त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

मूळ प्रश्नाच्या दृष्टीने त्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा पाहण्याजोगा आहे. तेव्हा मधली व्होल्गा कझानच्या खानाकडे आणि मुखाजवळचा भाग अस्त्राखानच्या खानाकडे होता, आणि अस्त्राखानजवळच निकितीनला लुटले गेले. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, १५५२ मध्ये इव्हान चौथ्याने कझान घेतले आणि १५५६ मध्ये अस्त्राखान. उगमापासून मुखापर्यंत सबंध व्होल्गा प्रथमच एका राज्यात आली. रशियन साम्राज्याची सुरुवात कोणत्या दिवशी झाली असे मला कोणी विचारले, तर मी कझान पडल्याचा दिवस सांगेन.

नकाशावाचक:

दोघांचेही मनापासून आभार. नीपर आणि व्होल्गा यांतला फरक आता स्पष्ट झाला. पण सायबेरियातल्या ओब, येनिसेई आणि लेना या नद्या तर उत्तरेला, गोठलेल्या समुद्राकडे वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना त्यांचा काय उपयोग झाला? आणि १९९१ चे काय?

अंगारा:

मुख्य नद्या उत्तरेला वाहत असल्या, तरी त्यांच्या उपनद्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. ओबची उपनदी केत येनिसेईच्या अगदी जवळ पोहोचते. येनिसेईवरून अंगारा, अंगारावरून इलीम आणि इलीमवरून छोट्या ओढवाटेने लेनाच्या खोऱ्यात उतरता येते. प्रत्येक टप्प्यावर लाकडी गढी उभी राहिली: १५८७ मध्ये तोबोल्स्क, १६१९ मध्ये येनिसेइस्क, १६३२ मध्ये याकुत्स्क. १६३९ मध्ये कोसॅकांची (सीमेवरच्या लढवय्यांची) एक तुकडी ओखोत्स्कच्या समुद्राला पोहोचली. येर्माक या कोसॅक सरदाराने सायबेरियावर केलेल्या पहिल्या स्वारीला तेव्हा साठ वर्षेही झाली नव्हती. त्यांना पुढे ओढणारी वस्तू म्हणजे सेबल या छोट्या प्राण्याची मौल्यवान फर होती. स्थानिक लोकांकडून ती ‘यासाक’ या कराच्या रूपाने वसूल केली जाई आणि तो न देणाऱ्यांची माणसे ओलीस ठेवली जात. या विस्ताराला ‘शोध’ म्हणताना ही जबरदस्ती विसरता कामा नये.

१९९१ बाबत मात्र कारणे आणि रेषा वेगळ्या ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. सोव्हिएत संघ मोडण्याची कारणे राजकीय आणि आर्थिक होती. पश्चिम सायबेरियातल्या तेलाच्या पैशावर परदेशातून धान्य आणले जात होते आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. बाल्टिक प्रजासत्ताकांत स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली, जून १९९० मध्ये खुद्द रशियन प्रजासत्ताकाने सार्वभौमत्व जाहीर केले, ऑगस्ट १९९१ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध कट्टर कम्युनिस्टांनी केलेला उठाव फसला आणि १ डिसेंबरला युक्रेनमध्ये ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह पायउतार झाले.

तुटण्याच्या रेषा मात्र आधीच आखलेल्या होत्या. ‘संघ-प्रजासत्ताक’ हा सर्वात वरचा दर्जा असलेल्या प्रजासत्ताकांना संघातून बाहेर पडण्याचा हक्क घटनेने कागदोपत्री दिला होता. १९३६ च्या घटनेच्या मसुद्यावर बोलताना स्टालिनने संघ-प्रजासत्ताकासाठी तीन अटी सांगितल्या: प्रदेश देशाच्या सीमेवर असावा, ज्या लोकांचे नाव त्याला दिले आहे ते तिथे बहुसंख्य असावेत, आणि लोकसंख्या दहा लाखांहून अधिक असावी. कझाकस्तानला त्याच वर्षी तो दर्जा मिळाला. कझान ज्या तातार प्रजासत्ताकाची राजधानी होती, ते व्होल्गाच्या मध्यावर, चहूबाजूंनी रशियाने वेढलेले असल्यामुळे पहिल्याच अटीत बाद झाले आणि रशियाच्या अंतर्गत राहिले. पंचावन्न वर्षांनी संघ मोडला तेव्हा पंधराही संघ-प्रजासत्ताके आपापल्या सीमांसह स्वतंत्र देश झाली. नीपर आता रशिया, बेलारूस आणि युक्रेन अशा तीन देशांतून वाहते. व्होल्गाचा मुख्य प्रवाह मात्र आजही संपूर्ण रशियातच आहे.

जुन्नरकरांनी सांगितलेल्या १५५२ च्या कझान-विजयाचा परिणाम इथपर्यंत येतो. मात्र तातारस्ताननेही (म्हणजे त्याच तातार प्रजासत्ताकाने) ही गोष्ट निमूट मान्य केली नव्हती. ऑगस्ट १९९० मध्ये त्याने स्वतःचे सार्वभौमत्व जाहीर केले, मार्च १९९२ मध्ये त्यावर सार्वमत घेतले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये मॉस्कोशी स्वतंत्र करार झाल्यानंतरच तो प्रश्न काही काळापुरता मिटला.