मदत हवी आहे: आईला ताकोत्सुबो (धक्क्यानं होणारा हृदयाचा आजार) झालंय, तिच्या माहेरच्या घराचं कधी सांगावं?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आई ६६ची. मागच्या रविवारी ग्वाल्हेरचे मामा अचानक गेले, फोन आला तेव्हा ती पोहे परतत होती, गॅस बंद केला, बसली आणि अर्ध्या तासात छातीत कळ, घाम, डावा हात जड. आम्ही अटॅकच धरून चाललो. ईसीजी खराब, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, लगेच अँजिओग्राफी, आणि हृदयाच्या नळ्या सगळ्या साफ! डॉक्टर म्हणाले ब्रोकन हार्ट सिंड्रोम, मला आधी थट्टाच वाटली.

मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दाखवला. हृदयाचं खालचं टोक फुगलेलं, हलतच नव्हतं, वरचा भाग मात्र जोरात आवळत होता. जपानात ऑक्टोपस पकडायचं मडकं असतं म्हणे, मान अरुंद आणि बूड गोल, त्याचंच नाव ताकोत्सुबो. धक्क्यानं अ‍ॅड्रिनलीन इतकं सुटतं की स्नायू सुन्न पडतो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त. ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३५ आलाय, ५५च्या वर हवा. बीटा ब्लॉकर आणि रामिप्रिल या हृदयाच्या गोळ्या चालू, महिन्यानं परत इको.

आता खरी अडचण. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं तिचं माहेरचं घर विकायचं ठरलंय, आईची सही लागणार, मामेभाऊ रोज विचारतो. आम्ही तिचा मोबाईलच काढून घेतलाय. किती दिवस लपवायचं? पुन्हा असं होतं का?

निवृत्त सिस्टर: दादा, बहुतेकांचा ईएफ काही आठवड्यांत सुधारतो. पुन्हा होऊ शकतं, पण थोड्याच जणांना. सहीची घाई नको, इको होऊ द्या, डॉक्टरांना विचारून सांगा, घरात सगळे असताना, रात्री नको. गोळ्या मनानं बंद करू नका. आणि परत दुखलं तर 'तेच असेल' म्हणून घरी बसू नका, खऱ्या अटॅकमधला फरक घरी कळत नाही.

पोहेजलेबी: मोबाईल द्या हो परत. माझ्या सासूबाईंपासून आम्ही असंच लपवलं होतं, तर कुजबुजीनंच त्यांची झोप उडाली.

धागाकर्ता: मोबाईल दिला. उघडलासुद्धा नाही. चहा घेताना म्हणाली, लश्करच्या घराला गिऱ्हाईक आलं का रे? मी म्हटलं कोण म्हणालं, तर म्हणे तुमची तोंडं बघतेय ना चार दिवस. आता सगळं सांगून टाकू का, की इकोपर्यंत थांबू?