होबार्टला एकच दिवस? दोन्ही होतं की!
ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टला तुमचं जहाज एकच दिवस थांबतंय, तर बोनोराँग हे प्राण्यांचं अभयारण्य बघावं की शहर, असं तुम्ही विचारलंय. जहाज सकाळी लागून संध्याकाळी सुटणार असेल तर दोन्ही आरामात होतं. जहाज लागतं तो मॅक्वारी धक्का शहराला चिकटूनच आहे, म्हणून शहर शेवटी ठेवा. ब्रायटनचं बोनोराँग गाडीने साधारण अर्ध्या तासावर, ते आधी उरका.

तिथे कांगारू मोकळेच फिरतात. तळहातावर खाणं धरलं की पुढच्या दोन्ही पंजांनी मनगट पकडून ओठांनी दाणे टिपतात. आमच्या हिला तिथून हलवताना नाकी नऊ आले! टास्मानियन डेव्हिल या मांसाहारी प्राण्यापाशी मात्र तिथल्या माणसाचं सांगून होईपर्यंत थांबाच. १९९६ साली पहिल्यांदा दिसलेला चेहऱ्यावरचा कॅन्सर एकमेकांना चावण्यातून पसरतो, आणि त्याने या प्राण्याची पार दैना केली आहे.

परतल्यावर शहरातल्या सलामान्का भागातली जुनी दगडी गोदामं बघा, शनिवार असेल तर बाजारही. शहरामागचा माउंट वेलिंग्टन डोंगर (१२७१ मीटर) ढगात असेल तर सरळ सोडा.

आणि हो, जहाजावरची केळी-सफरचंदं पर्समध्ये टाकून उतरू नका. टास्मानियात बाहेरच्या फळांबाबत फार कडक आहेत, हुंगणारी कुत्रीसुद्धा ठेवलीत.