मिलीलिटरमधले माप कपात कसे बसवावे? सल्ला हवा

नमस्कार. मी परभणीची. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या भाचीने केकची कृती पाठवली आहे. तीत 375 मिली दूध, 125 मिली तेल आणि दोन मोठे चमचे दही असे लिहिले आहे. चहाच्या कपाने अंदाज घेतला, तर केक मधोमध ओलाच राहिला. आता मापाच्या कपांचा संच आणला आहे. त्यातल्या मोठ्या कपावर 240 मिली कोरलेले आहे. हिशेब कसा करावा?

उत्तर, लातूरहून: ताई, ‘कप’ हे माप सगळीकडे सारखे नाही, आणि चूक बहुधा तिथेच होते. ऑस्ट्रेलियातला कप 250 मिलीचा, अमेरिकेतला सुमारे 237 मिलीचा (तिथल्या पोषणमूल्यांच्या लेबलांवर मात्र 240 धरतात), तर जपानमधला 200 मिलीचा असतो. म्हणून कृतीत मिलीलिटर दिलेले असतील, तर कपांची संख्या न विचारता तुमच्या कपाच्या मापाने भागावे. 375 मिली दूध म्हणजे तुमचा दीड कप आणि वर 15 मिलीचा एक मोठा चमचा. 125 मिली तेल म्हणजे अर्धा कप आणि 5 मिलीचा एक लहान चमचा. दह्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा 20 मिलीचा असतो; त्यामुळे तुमच्या 15 मिलीच्या चमच्याने दोन मोठे आणि दोन लहान चमचे घ्यावे लागतील.

उत्तर, नांदेडहून: घरातल्या वाटीचेही माप काढून ठेवा, ते जन्मभर उपयोगी पडते. रिकामी वाटी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम भरतील, जवळपास तितके मिली. हे समीकरण पाण्यापुरतेच आहे. करडईचे 125 मिली तेल साधारण 115 ग्रॅम भरते आणि मध तर पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो, म्हणून तेल-मध तोलून मिली ठरवू नयेत. काटा नसेल, तर औषधाच्या बाटलीवरचे खुणा असलेले टोपण स्वच्छ धुऊन वापरता येते. कप ओट्यावर सपाट ठेवूनच पाहावे. हातात धरला की पातळी कलते.

परभणीहून पुन्हा: दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंची स्टीलची वाटी मोजली, ती बरोबर 150 मिलीची निघाली. म्हणजे 375 मिली दुधाला अडीच वाट्या. उद्या पुन्हा केक करते.