कीबोर्डवर पार होणारी दरी कंट्रोलरवर का होत नाही?

रानपाखरू:
दोन वर्षं फावल्या वेळात एकटीच एक टू-डी गेम बनवतेय. कॅमेरा वरून, पळायचं, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या. सगळं काम लॅपटॉपवर, त्यामुळे खेळून बघणंही कीबोर्ड-माउसवरच झालं. आता कन्सोलवर न्यायची म्हणून गेल्या आठवड्यात पहिल्यांदा कंट्रोलर जोडला आणि तीन ठिकाणी अडले.

चौथ्या लेव्हलमध्ये १५० पिक्सेलची एक तिरकी दरी आहे. कीबोर्डवर डब्ल्यू (वर) आणि डी (उजवीकडे) एकदम दाबून पळत सुटलं की आरामात पार होते. कंट्रोलरवर स्टिक (अंगठ्याने हलवायची छोटी दांडी) टोकापर्यंत ढकलूनही दर वेळी खालीच पडते. चाळीस-एक वेळा करून पाहिलं. वेग सेकंदाला २०० पिक्सेल, हवेतला वेळ ०.६ सेकंद, दोन्हीकडे कोड तोच.

दुसरं, शस्त्रं १ ते ४ या आकड्यांवर आहेत. ती डी-पॅडवर (कंट्रोलरवरची चार दिशांची बटणं) टाकली तर शस्त्र बदलताना पात्र जागच्या जागी थांबतं आणि मार खातं.

तिसरं, ‘उडीसाठी स्पेस’ ही सूचना मधूनच ‘उडीसाठी ए’ (कंट्रोलरवरचं ए बटण) होते, परत स्पेस, परत ए. नुसती लुकलुकत राहते.

कन्सोलसाठी दरी अरुंद करून वेगळी लेव्हल ठेवावी का? मला ती दरी तशीच हवी आहे. खेळणाऱ्याला पहिल्यांदा भीती वाटते ती तिथेच.

ढगफुटी:
डेडझोन बघा, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळची जी बारीक हालचाल गेम मोजत नाही तो पट्टा. तो वजा केल्यावर उरलेली किंमत पुन्हा ० ते १ मध्ये ताणली नसेल, तर स्टिक टोकाला नेऊनही पूर्ण वेग मिळत नाही.

तिसरा_प्रहर:
ढगफुटी म्हणतात ते तपासाच, पण तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. २०० गुणिले ०.६ म्हणजे १२० पिक्सेल. दरी १५० ची. मग ती कीबोर्डवर तरी पार कशी होते?

दोन कळा एकदम दाबल्या की आडवा १ आणि उभा १ असे दोन्ही जसेच्या तसे जमा होत असणार. तिरक्या दिशेची लांबी होते १.४१, वेग २०० चा २८३ होतो आणि उडी जाते १७० पर्यंत. स्टिक फिरते गोल खाचेत. तिरकी टोकाला नेली तरी दोन्ही अक्षांवर साधारण ०.७ येतात, लांबी १ च राहते. चूक कंट्रोलरवर दिसली, पण आहे ती कीबोर्डच्या बाजूला. दिशेची लांबी १ च्या वर जाऊ देऊ नका. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातलं ‘गेट व्हेक्टर’ हे फंक्शन ते आपणहून करतं.

वाईट बातमी अशी की दोन वर्षं तुम्ही तिरक्या दऱ्या या फुगलेल्या वेगानेच मोजल्या आहेत. सगळ्या पुन्हा बघाव्या लागतील. मी यातून गेलोय. माझ्या एका गेममधले सगळे अरुंद पूल बरोबर ४५ अंशांत होते. मुद्दाम नव्हते केले. कीबोर्डवर माझ्या बोटांना आठच दिशा माहीत होत्या, म्हणून नकाशातही आठच उतरल्या. स्टिक धरलेला माणूस ४३ अंशांत चालायचा आणि पुलाच्या मध्यावर कडेवरून पडायचा. शेवटी स्टिक आठ दिशांपैकी एखादीच्या ५ अंशांत आली की तीच दिशा धरायची, असं केलं. पुढची लेव्हल मी कंट्रोलरवर केली, तर तिथे पहारेकऱ्यामागून दबकत जायला स्टिक अर्धीच ढकलावी लागत होती. कीबोर्डला अर्धं कळतच नाही, एक तर दाबलंय नाही तर नाही. त्यासाठी शिफ्टवर हळू चाल आणली.

शस्त्रांचं म्हणाल तर बटणं मोजू नका, बोटं मोजा. डावा अंगठा स्टिकवर तरी असेल, नाही तर डी-पॅडवर. दोन्हीकडे कसा असेल? उजव्याचंही तेच: नेम धरायची स्टिक सोडल्याशिवाय ए दाबता येत नाही, त्यामुळे तुमच्या गेममध्ये उडीसुद्धा ए वर नको. तर्जन्या मोकळ्या आहेत. उडी डाव्या बंपरवर (कंट्रोलरच्या वरच्या कडेचं बटण), गोळी उजव्या ट्रिगरवर (बंपरखालचं बटण). उजवा बंपर नुसता दाबला की आधीचं शस्त्र, धरून ठेवला की स्टिकने निवडायचं चार शस्त्रांचं चक्र. चक्र उघडं असताना खेळ मंद करा.

ढगफुटी:
मान्य, दरीचं कारण तेच. लुकलुकणाऱ्या सूचनेमागे मात्र डेडझोनच असणार. स्टिक थोडी झिजली की हात न लावताही ०.०५, ०.०८ असे आकडे पाठवत राहते. तुमच्या कोडला वाटतं, खेळणाऱ्याने कंट्रोलर उचलला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुटमध्ये (विंडोजवर कंट्रोलर वाचायची सोय) डाव्या स्टिकचा ठरवून दिलेला डेडझोन ३२७६७ पैकी ७८४९ आहे, म्हणजे जवळपास २४ टक्के. सूचना बदलायला त्याहून मोठी हालचाल मागा, निम्म्याच्या पुढे. टेबलाला धक्का लागून माउस दोन पिक्सेल हलला तरी असंच होतं.

आणि कळा अक्षरावरून ओळखू नका, जागेवरून ओळखा. फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यूच्या जागी झेड असतो आणि ए च्या जागी क्यू.

रानपाखरू:
काल रात्री बसले. लांबी १ वर बांधली आणि कीबोर्डवरही दरीत पडले! इतका आनंद पडण्याचा कधी झाला नव्हता. वेग २६० केलाय, उडी १५६ पर्यंत जाते. सहाच पिक्सेल हातात राहतात, म्हणून काठ सुटल्यावर ०.१ सेकंदापर्यंत दाबलेली उडीही मान्य धरली. दरीला हात लावला नाही. सरळ दऱ्या आता सोप्या झाल्यात, अकरा आहेत, एकेक रुंद करतेय. सूचना शांत झाली. चक्र अजून जमलेलं नाही: अंगठा सोडताना स्टिक मध्याकडे परत येते आणि निवड उडते.

तिसरा_प्रहर:
बंपर सुटल्या क्षणाची दिशा घेऊ नका. स्टिक डेडझोनबाहेर असताना शेवटी दाखवलेलं शस्त्र लक्षात ठेवा, बंपर सुटला की ते द्या.