कलाशिक्षणावरचं संशोधन रद्दीत घाला म्हणणाऱ्यांना

नौपाडाकर
काल इथे एकाने लिहिलं, 'त्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलेन विनर बाईंनी अख्खी हयात सर्जनशीलतेवर पेपर लिहिण्यात घालवली, एका पोराच्या हाताला वळण लावलं नाही. रद्दीत घाला ते संशोधन.' रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

चित्रं काढली की गणिताचे मार्क वाढतात, हे आपण पालकसभेत ऐकतोच. विनर आणि त्यांच्या सहकारी लॉइस हेटलंड यांनी हाच दावा तपासायला 1950 ते 1999 मधले अभ्यास जमवले, 188 अहवाल निवडले. नाटकाने भाषा सुधारते, हे दिसलं. संगीताचंही थोडं सापडलं. चित्रकलेने मार्क वाढतात याला भक्कम पुरावा मिळाला नाही. तसं त्यांनी 2000 साली छापलं, आणि कलेच्या बाजूचेच लोक चिडले. पुढे बोस्टनकडच्या दोन शाळांत पाच कलाशिक्षकांचे तास चित्रित केले आणि मुलं तिथे खरंच काय शिकतात ते मांडलं: नीट बघणं, चिकाटी, आपलंच काम पुन्हा तपासणं.

माझी लेक एलिमेंटरीच्या, म्हणजे सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षेच्या, क्लासला जायची. स्मरणचित्राला विषय ठाण्याची तलावपाळी. तिने कणीस भाजणारी बाई पाठमोरी काढली, कारण आम्ही कठड्यावर बसतो तिथून ती तशीच दिसते. क्लासच्या सरांनी लाल पेनाने काट मारली. 'पाठमोरी माणसं नकोत, ग्रेड जाईल.' तिने तो कागद घरी आणलाच नाही. मला क्लासच्या डब्यातून काढून आणावा लागला.

कळव्याचे सर
मीच ते लिहिलं होतं, आणि शब्द मागे घेत नाही. एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. वडील मिलमध्ये, घरात रंगाची पेटी नव्हती. कर्तव्य भूमितीत कंपास धरायला शिकलो, अक्षरलेखनात पट्टी न हलवता रेघ मारायला शिकलो, एलिमेंटरीच्या पुढची इंटरमीजिएट झालो, त्यावर एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केलं, घर उभं राहिलं. हात तयार नसेल तर डोळ्याने पाहून काय कागदावर उतरणार? तुमच्या बाईंनी पन्नास मुलांचा वर्ग एका बेसिनवर सांभाळून दाखवावा.

ऐरोलीची आई
सर, बेसिनचं काय घेऊन बसलात, शिक्षक तरी कुठे आहेत? माझ्या मुलाच्या शाळेत दोन वर्षं चित्रकलेला कुणीच नाही. तो तास गणिताच्या बाई घेतात, सराव परीक्षेसाठी. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कलेला अर्धवेळ निदेशक हवा असं लिहिलंय.

कळव्याचे सर
अर्धवेळ! तीच तर मेख आहे. माझ्या जागेवर निवृत्तीनंतर माणूसच नेमला नाही. नंतर आलेला मुलगा तासिकेवर, सुट्टीत पगार नाही, मे महिन्यात रंगकाम करतो. लोकांच्या भिंती, चित्रं नव्हेत.

वाशी सेक्टर सतरा
मूळ विषय कुठे राहिला? दहावीला ग्रेडचे वाढीव गुण मिळतात म्हणून क्लास भरतात. ते गुण बंद करा, उद्या क्लास ओस पडतील.

कळव्याचे सर
आणि मग झोपडपट्टीतल्या पोराला चित्रकलेला कोण पाठवील? वाशीत बसून बोलणं सोपं आहे. त्या गुणांमुळेच त्याच्या बापाने वीस रुपयांचा ब्रश आणलाय, मी पाहिलंय.

वाशी सेक्टर सतरा
मी सेक्टरात राहतो म्हणजे काही बंगल्यात नाही, सर. माझे वडील बाजार समितीत माथाडी होते. हे शब्द तुम्ही मागे घ्या.

कळव्याचे सर
बरं. तेवढे घेतले.

नौपाडाकर
सर, हाताला तुम्ही म्हणता तितकीच किंमत त्यांनीही दिली आहे. वर्गांत पाहिलेल्या सवयींची जी यादी त्यांनी केली, त्यात कारागिरी आहेच. माझं भांडण काट मारण्याशी आहे. आणि मार्क वाढतात म्हणून चित्रकला ठेवा असं सांगत राहिलो, तर मार्क वाढत नाहीत हे कळल्याच्या दिवशी ऐरोलीच्या ताईंसारखे सगळ्यांचेच तास गणिताकडे जातील. तुमच्या जागेवर माणूस हवा असेल तर कामाचं शस्त्र हेच संशोधन आहे.

ऐरोलीची आई
हे पटलं. मुख्याध्यापकांकडे जाताना मी मार्कांचीच गोष्ट घेऊन गेले होते. त्यांनी विचारलं, 'कुठे वाढले दाखवा.' मी गप्प बसले.

कळव्याचे सर
शस्त्र वगैरे राहू दे. वर्षभर वर्गात बसून पाहिलं असेल, तर बाईंनी काम केलं एवढं मानतो. ग्रेडच्या परीक्षेला हात लावाल तर मात्र मी पुन्हा येईन.

काट मारणारा मास्तर चुकला. पाठमोरा माणूस सगळ्यात अवघड, चेहऱ्याचा आधार नसतो, सगळं खांद्यावर सांगावं लागतं. पोरीने कणसावर पंखा हलवणाऱ्या हाताचा खांदा वर दाखवलाय का? चित्र इथे टाका.